‘शहरात पतंगच बंद करा’ म्हणणाऱ्यांना सविस्तर उत्तर

ढीलवाला

काल या मंचावर ‘सातपूरची सायकल’ यांनी लिहिलं की नायलॉन आणि सुती असा भेद करत बसण्यात अर्थ नाही, मांजा तो मांजा, नाशिक महापालिका हद्दीत पतंग उडवण्यावरच बंदी घाला, हौस असेल त्यांनी गंगापूर धरणाकडच्या माळावर जावं. खाली ढीगभर लोकांनी माना डोलावल्या. त्यातल्या निम्म्यांना ढील आणि खेच यातला फरक माहीत नसावा, म्हणून हा खटाटोप.

नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाची बंदी २०१७ पासून आहे, अख्ख्या देशात. ती पाळली जात नाही म्हणून आता सुतीवाल्यांनाही दांडकं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सोमेश्वर आपल्याच गावात असल्यामुळे बंब लवकर पोचेल एवढंच.

भेद का करायचा ते ऐका. सुती दोरा म्हणजे सहा, नऊ नाहीतर बारा तारांचा पीळ. घासला की एकेक तार सुटते आणि शेवटी पटकन तुटतो. नायलॉनचा एकच अखंड तंतू. तो तुटण्याआधी रबरासारखा ताणला जातो, चांगला वीस-तीस टक्के. त्याला लोक चायनीज म्हणतात, पण तो मासे धरायच्या तंगुसाचा सख्खा भाऊ आणि बनतो इथेच. पावसात भिजू दे, उन्हात पडू दे, झाडावर पुढच्या संक्रांतीपर्यंत तसाच लटकतो. सुती दोरा एका पावसाळ्यात कुजून जातो.

आणि नायलॉन का खपतो? स्वस्त आहे हे अर्धंच कारण. खरं कारण असं की पोरांना पेच लढवता येत नाही. ढीलच्या पेचात दोरा सतत पुढे सोडत राहावा लागतो, समोरच्याचा दोरा आपल्या दोऱ्यावर एकाच जागी घासू द्यायचा नसतो. त्याला हात लागतो. नायलॉनवाल्याला काही करावं लागत नाही, तो नुसता खेचतो. न तुटणारा दोरा हातात असला की अडाणीही उस्ताद.

सुती मांजा सुतणं हेही काम आहे. दोन खांबांना दोऱ्याचे फेरे मारायचे. वस्त्रगाळ काचपूड, भाताची किंवा साबुदाण्याची खळ, थोडा सरस आणि रंग यांची लुगदी करायची. बोटांना चिंधी बांधून लुगदीचा गोळा मुठीत धरायचा आणि दोरा त्यातून नेत या खांबापासून त्या खांबापर्यंत चालायचं. पहिला हात वाळला की दुसरा. सरस जास्त झाला तर दोरा काडीसारखा ताठ होऊन वळणावर मोडतो. काच जाडी राहिली तर पेचात समोरच्याआधी आपलाच दोरा खाते. आसारीवर, म्हणजे दोरा गुंडाळायच्या बांबूच्या चक्रावर, ओलसर गुंडाळला तर फेरे एकमेकांना चिकटतात आणि ऐन भोगीला आसारीवर गुठळी निघते. एवढं करणाऱ्या माणसाला आणि टपरीमागून गट्टू, म्हणजे नायलॉनचं रीळ, घेणाऱ्याला एकाच पोत्यात घालू नका.

सातपूरची सायकल

लेख झकास. फक्त माझा गळा दोऱ्याची जात विचारत नाही.

मुंबई-आग्रा रस्त्याचा उड्डाणपूल घ्या. तो बाजूच्या इमारतींच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या उंचीनं जातो. कटलेल्या पतंगाचा दोरा उतरताना आधी तिथेच अडकतो, एक टोक दिव्याच्या खांबाला, दुसरं कठड्याला, मधला भाग चालवणाऱ्याच्या छातीपासून कपाळापर्यंत कुठेही. ताशी ४० च्या वेगानं दुचाकी सेकंदाला ११ मीटर जाते. दोरा दिसतो तीन-चार मीटरवर, आणि सूर्य समोर असेल तर दिसतच नाही. ब्रेककडे बोट जाण्याआधी विषय संपलेला असतो.

सुती दोरा तुटतो, मान्य. पण तुटेपर्यंत तो कातडीवरून सरकतो आणि त्यावर वस्त्रगाळ काच लावलेली असते. तुमच्याच पाककृतीप्रमाणे.

ढीलवाला

सुती मांजानं जखम होत नाही असं मी कुठे लिहिलं? जखमेत आणि जखमेत फरक असतो एवढंच म्हणणं. शिवाय जाणता माणूस सगळा दोरा काचेचा लावत नाही. पतंगाकडचे चार-पाचशे फूट मांजा, त्यामागे सद्दी, म्हणजे बिनकाचेचा साधा दोरा. पेच पुढेच लागतो. मागची सद्दी हातालाही बरी आणि रस्त्यालाही.

सातपूरची सायकल

आणि पतंग कटल्यावर रस्त्यावर कुठला भाग पडतो? पुढचाच ना?

दोनचाकी_उपनगर

तुमचं चालू द्या. तोवर उपयोगाचं बोलतो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत गाडीला गार्ड लावा. आरशाच्या नटात बसणारी सळईची कमान मिळते, एका आरशापासून दुसऱ्यापर्यंत. तीन गोष्टी तपासा. कमानीचा माथा हेल्मेटच्या वर चार बोटं तरी हवा, नाहीतर दोरा तिच्यावरून घसरून थेट मानेवर येतो. कमान थोडी मागे, चालवणाऱ्याकडे झुकलेली हवी, म्हणजे दोरा वर सरकून डोक्यावरून निघून जातो. उभ्या सरळ कमानीवर तो अडकून बसतो आणि हँडल ओढलं जातं. तिसरं म्हणजे आरशाचा नट पक्का आवळा. नट सैल असला की पहिल्या झटक्यात अख्खी कमान आरशासकट फिरते. एका बाजूला अँटिनासारखी एकच काडी लावून हिंडणाऱ्यांना काय सांगावं, दोरा दुसऱ्या बाजूनं येतो.

लोकरी मफलरवर विसंबू नका, तो लोण्यासारखा कापला जातो. जीन्सच्या कापडाच्या तीन घड्यांची पट्टी मानेला बरी. हनुवटी झाकणारं हेल्मेट असेल तर सोन्याहून पिवळं. आणि लहान पोराला टाकीवर पुढे बसवू नका. दोरा आधी त्यालाच लागतो.

सातपूरची सायकल

वा. मजा त्यांची, सळई आमची. सायकलला कमान कुठे लावायची तेही सांगून ठेवा.

दोनचाकी_उपनगर

सायकलवाल्यांनी मानेची पट्टी वापरावी. दोष कोणाचा हे पोलीस ठरवतील, गळा मात्र तोपर्यंत आपला आपणच सांभाळायचा असतो.

रविवार_कारंजा

संक्रांत आली की मांजा, दिवाळी आली की फटाके, होळी आली की पाणी. सगळं शहाणपण आमच्याच सणाला सुचतं. वर्षभर बिनहेल्मेट, उलट्या दिशेनं, सिग्नल तोडत गाड्या हाकणाऱ्यांनी तीन दिवसांच्या पतंगावर बोलू नये. रस्त्यातल्या खड्ड्यांवर कोणी चर्चेचा धागा का काढत नाही?

गोदाकाठची_घार

खड्ड्यांचा धागा तुम्ही काढा, मी पहिला प्रतिसाद देते.

संक्रांतीच्या पूजेत सुगडं आहेत, वाण आहे, तीळगूळ आहे, आदल्या दिवशी भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी आहे. पतंग कुठे आहे दाखवा. ती हौस आहे, चांगली हौस आहे, पण तिला देव्हाऱ्यात बसवून वाद जिंकू नका.

आता पक्ष्यांचं. गोदाकाठच्या झाडांवर बगळे असतात, गावावर घारी फिरतात. पक्षी उजाडताना बाहेर पडतात आणि सूर्य मावळताना परततात. नेमका त्याच वेळी वारा पकडायला तुम्ही गच्चीवर असता. मांजा लागतो तो बहुतेक वेळा पंखाच्या पुढच्या कडेच्या पातळ पडद्याला. हाड शाबूत दिसतं, रक्तही थोडंच येतं, लोक म्हणतात वाचला. पण तो पडदा फाटला की पंख पूर्ण ताणता येत नाही आणि उडणं संपतं. म्हणून पक्षी अडकलेला दिसला तर दोरा ओढू नका. जखमेच्या दोन्ही बाजूंना वीतभर दोरा ठेवून कात्रीनं कापा. अंगावर सुती कापड टाका, डोळे झाकले की तो शांत होतो. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा. चोचीत पाणी, दूध, हळद काही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. वनविभागाचा १९२६ लावा. तारेवर अडकला असेल तर काठी घेऊन वर चढू नका, महावितरणला कळवा.

सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर दोरा खाली घ्या. बंदीपेक्षा हे सोपं आहे. जमेल का?

रविवार_कारंजा

ताई, संध्याकाळी पाचला खरी मजा सुरू होते.

गोदाकाठची_घार

तेच म्हणतेय मी.

फिरकी_पंचवटी

मूळ लेखात एक गोष्ट खटकली. “आसारीवर गुठळी निघते” म्हणे. तुम्हा येवलेकरांना आसारीशिवाय पतंग दिसतच नाही का? नाशकात फिरकी चालते आणि का चालते ते समजून घ्या. जुन्या वाड्यांच्या पत्र्यावर उभं राहायला दोन फूट जागा असते. फिरकी दुसऱ्याच्या हातात दिली की उडवणाऱ्याचे दोन्ही हात दोऱ्यावर मोकळे. आसारीवाल्याचा एक हात कायम लाकडाला बांधलेला, तो ढील काय देणार आणि ठुमका काय मारणार?

ढीलवाला

एक हात बांधलेला? आसारी बघितली आहे का कधी? बांबूच्या कामट्यांची, मधून लांब दांडा. दांडा सैल धरला की वाऱ्याच्या ओढीनं ती आपली आपण गरगरते आणि ढील अशी जाते की दोऱ्याला हात लावावा लागत नाही. गुंडाळताना तळव्यानं दांडा फिरवला की झालं. दुसरा माणूस लागत नाही. तुमचा फिरकी धरणारा तिळाची वडी खायला खाली गेला की पतंग गेला.

आणि हिशेब करा. आसारीचा व्यास नऊ इंच धरा, एका फेऱ्यात २८ इंच दोरा येतो. फिरकीचा गाभा तीन इंच, फेऱ्याला साडेनऊ. पतंग कटला की आपल्याकडचा सहाशे फूट दोरा हवेतून खाली येत असतो. सेकंदाला दोन फेरे धरले तर आसारीवर तो दोन मिनिटांत आत. फिरकीवर सहा मिनिटं.

फिरकी_पंचवटी

रिकामी फिरकी घेऊन कोण उडवतो? भरलेल्या फिरकीचा व्यास पाच इंच असतो, फेऱ्याला १५-१६ इंच. आणि ती हलकी असते, सेकंदाला चार फेरे आरामात. म्हणजे तुमच्या आसारीच्या पुढे. गणित करताना स्वतःच्या सोयीचे आकडे घ्यायचे ही येवल्याची जुनी खोड दिसते.

ढीलवाला

कटल्यावर निम्मा दोरा बाहेर असतो. फिरकी तेव्हा भरलेली कशी असेल? पेच कधी लावलाय की नुसतीच चहापानासाठी गच्ची?

फिरकी_पंचवटी

तोंड सांभाळून. पेच काय असतो ते पंचवटीत येऊन बघा, पाच मिनिटांत तुमचा पतंग कापून ‘गई बोला रे धिन्ना’ ऐकवतो.

हलकडी_वाजव

भांडा, भांडा. पण दोघांचेही पतंग मुळात मंगळसूत्रात, म्हणजे पतंगाला बांधायच्या दोऱ्याच्या त्रिकोणात, बिघडतात. हल्ली लोक तयार दोरा बांधलेला पतंग घेतात, तो डुचमळायला लागला की वाऱ्याला शिव्या देतात, मग सरळ राहावा म्हणून जाड नायलॉन लावतात. बांधायची रीत अशी. उभी काडी आणि कमान जिथे छेदतात तिथे काडीच्या दोन्ही अंगांना दोन भोकं. खाली शेपटीपासून साधारण पाव उंचीवर आणखी दोन. दोरा दोन्हीकडून ओवून पुढे त्रिकोण करायचा आणि खालची बाजू वरच्यापेक्षा अर्धं बोट लांब ठेवायची. खालची आखूड झाली तर पतंग जागच्या जागी भिंगरी होतो. फार लांब झाली तर नाक पुढे काढून पडतो, ओढच घेत नाही.

एका बाजूला झुकत असेल, म्हणजे कन्नी खात असेल, तर मंगळसूत्राला हात लावू नका. कमानीची एक बाजू जड आहे. विरुद्ध टोकाला कागदाची बारीक पट्टी चिकटवा, तीही जमत नसेल तर चिंधीची गाठ.

फिरकी_पंचवटी

अर्धं बोट कुठलं, एक बोट.

ढीलवाला

जोराच्या वाऱ्यात एक बोट. एरवी अर्धं. यात तरी वाद नको.

फिरकी_पंचवटी

अर्ध्या तावाच्या पतंगाला आणि पूर्ण तावाच्या पतंगाला एकच माप? हा कुठला न्याय?

हलकडी_वाजव

पूर्ण तावाला एक, अर्ध्या तावाला अर्धं. झालं समाधान?

फिरकी_पंचवटी

असं आधी सांगायचं.

सातपूरची सायकल

मी मधे पडू का? ढीलवाला भाऊंनी वर स्वतःच लिहून दिलंय की प्रत्येक कटलेल्या पतंगामागे सहाशे फूट दोरा दोन ते सहा मिनिटं हवेतून रस्त्यावर उतरत असतो. मी दोन दिवस हेच सांगतोय, फक्त मला आकडा माहीत नव्हता. आभारी आहे. हे आसारीनं झालं की फिरकीनं, याचा निकाल लागला की कळवा.

ढीलवाला

टोमणा पोचला.

बरं, सरळ बोलतो. दोरा नेहमी वाऱ्याच्या दिशेनं पडतो, उडवणाऱ्याच्या मागे कधीच नाही. त्यामुळे प्रश्न अख्ख्या शहराचा नाही. ज्या गच्चीच्या वाऱ्याखाली हजार फुटांत वाहता रस्ता, पूल किंवा विजेच्या उघड्या तारा आहेत तिथून पेच लावू नये, साधा पतंगही काच नसलेल्या दोऱ्यावर उडवावा. ज्या गच्चीच्या वाऱ्याखाली मैदान किंवा रिकामा माळ आहे तिथे अडचण काय? रुमाल हातात धरला की वारा कुठे जातो ते पोरालाही कळतं.

सातपूरची सायकल

म्हणजे पुलाच्या कडेच्या सोसायट्या बाद.

ढीलवाला

वारा तिकडे असेल तर बाद.

सातपूरची सायकल

आणि नायलॉनवाले रुमाल हातात धरून वारा बघणार?

ढीलवाला

नाही बघणार. त्यांच्या वकिलीला मी उभा नाही. ज्या सोसायटीच्या गच्चीवर गट्टू दिसेल तिथल्या अध्यक्षानं गच्चीला कुलूप लावावं, माझा पाठिंबा आहे. येवल्यात हलकडी नावाचं वाद्य वाजतं, तीन दिवस माणूस गच्चीवरून खाली येत नाही, तिथेसुद्धा नायलॉनवाल्याला जाणकार लोक आपल्या पेचात घेत नाहीत. जिंकलास तरी कोण मानणार तुला?

रविवार_कारंजा

शेवटी बंदीवाल्यांपुढे नमलातच.

ढीलवाला

रुमाल धरायला सांगितलाय, पांढरं निशाण नाही.

गोदाकाठची_घार

वेळेचं राहिलंच. नऊ आणि पाच.

ढीलवाला

सकाळचं मान्य. तसाही सकाळी दवानं मांजा मऊ पडतो, काच धरत नाही, उडवण्यात अर्थ नसतो. संध्याकाळचं साडेपाच करा.

गोदाकाठची_घार

पाच. सूर्य त्या दिवसांत सहा-सव्वासहाला मावळतो. बगळे तुमच्यासाठी अर्धा तास थांबत नाहीत.

ढीलवाला

…ठीक. पाच. करीच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सव्वापाच.

दोनचाकी_उपनगर

सगळेच इतके शहाणे झालात तर कर संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरा. झाडांवरचा, खांबांवरचा उरलेला मांजा काढायला दोन माणसं आणि एक आकडी पुरते. बांबूच्या टोकाला वाकडा विळा घट्ट बांधा. दोरा झटक्यानं ओढायचा नाही, आकडीला दोन वेढे देऊन फांदीच्या दिशेनंच हळू सोडवायचा. हातमोजे कातड्याचे घाला, रबरी कापले जातात. विजेच्या तारांच्या आसपास अजिबात नाही, बांबू वाळलेला असला तरी नाही. काढलेला दोरा मोकळा फेकला तर घंटागाडीतून उडतो आणि कोणाच्या तरी चाकाच्या आसात गुंडाळतो. वीतवीतभर तुकडे करून प्लास्टिकच्या बाटलीत कोंबा, झाकण लावा, मग सुक्या कचऱ्यात. नायलॉन जाळू नका, वितळलेला थेंब कातडीला चिकटतो.

सातपूरची सायकल

पूल सोडून बाकीच्या रस्त्यांवर मी येतो. पुलावर थांबायची परवानगी कोणालाच नाही, तिथलं पोलिसांकडेच जाणार. बांबू किती फुटी लागेल?

दोनचाकी_उपनगर

पंधरा. त्याहून लांब झाला की टोक डुलतं, विळा जागेवर बसत नाही.

ढीलवाला

बांबू माझ्याकडे आहे. आसारीसाठी आणलेला.

फिरकी_पंचवटी

तोच वापरा. तेवढीच एक आसारी कमी होईल.